कार-टी संशोधनात यायचंय? आधी पेशी, मग रिसेप्टर

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी (रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी) बाहेर काढून, त्यांच्यावर कर्करोगपेशी ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर, म्हणजे कार, चढवून त्या परत देण्याचा उपचार. माझ्या लॅबमध्ये येणारा जवळपास प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात फळ्यावर हा रिसेप्टर काढून दाखवतो. बाहेर अँटिबॉडीचा तुकडा, मग बिजागरी, पेशीच्या आवरणातून आरपार जाणारा दांडा, आत ४-१बीबी किंवा सीडी२८ आणि शेपटीला सीडी३-झीटा, हे पेशीला इशारा देणारे तुकडे. हल्ली कुणी त्याला चालू-बंद करायचं बटण लावतो, कुणी दोन लक्ष्यं एकदम धरणारा दुतोंडी रिसेप्टर काढतो. मी मान डोलावते आणि त्याच्या हातात गोठवलेल्या टी पेशींची एक नळी ठेवते. "यांना जागं कर. आणि किती जिवंत आहेत ते उद्या सकाळी सांग. आज नको."

नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, हरभऱ्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढायची आणि कोमट माध्यम थेंबाथेंबाने घालायचं. गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे संरक्षक रसायन पेशीत मुरलेलं असतं. माध्यम भसकन ओतलं तर पाणी आत घुसतं आणि पेशी फुगून फुटते. सगळं नीट केलं आणि लगेच मोजलं, तर ९० टक्के पेशी जिवंत दिसतात. त्याच पेशी रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवून मोजल्या तर कधी ७५ टक्के, एखाद्या डोनरच्या ५०. ज्या रात्रीतून गेल्या त्या संध्याकाळीच मरणपंथाला लागलेल्या होत्या. आवरण अजून शाबूत होतं, म्हणून मेलेल्या पेशी दाखवणारा निळा रंग आत शिरला नाही, एवढंच. संध्याकाळच्या आकड्यावर ज्याने प्रयोग आखला त्याचं गणित तिथेच चुकलं.

मी या कामात अठरा वर्षं आहे. या क्षेत्रात करिअर कसं करायचं असं कुणी विचारलं की मला त्या नळीपलीकडे फारसं काही सुचत नाही. इथे औषध म्हणजे जिवंत पेशी. रिसेप्टर हा तिच्यावर चढवलेला एक भाग. पेशीला पूर्वायुष्य असतं, ती थकते, आणि आपल्याला जे बघायचंय तेच दाखवून फसवते. तेव्हा पेशी आधी शिका.

कुठल्या लॅबमध्ये जायचं

नावात "कार-टी" असलेलीच लॅब हवी, हा हट्ट सोडा. या क्षेत्राचा इतिहास वाचताना मधली वर्षं मोजा, म्हणजे मी असं का म्हणते ते कळेल. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये झेलिग एशार आणि सहकाऱ्यांनी अँटिबॉडीची ओळखण्याची बाजू टी पेशीच्या रिसेप्टरला जोडून दाखवली ती १९८९ मध्ये. अमेरिकेत पहिल्या कार-टी औषधाला मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१७ मध्ये. मधे २८ वर्षं गेली. फळ्यावरचं चित्र तर तयार होतं, मग इतकी वर्षं कशात गेली? पहिल्या पिढीत आत नुसतं झीटा होतं. काचेच्या भांड्यात त्या पेशी मारायच्या, शरीरात टिकायच्या नाहीत. मिशेल सादलेन यांच्या गटाने २००२ मध्ये सीडी२८ जोडून आणि दारिओ काम्पाना यांच्या गटाने २००४ मध्ये ४-१बीबी जोडून पेशीला दुसरा इशारा दिला, तेव्हा कुठे ती वाढायला आणि टिकायला लागली. आणि टी पेशी शरीराबाहेर भरघोस वाढवायची युक्ती, म्हणजे सीडी३ आणि सीडी२८ ला धरणारे चुंबकीय मणी, ती कार्ल जून आणि ब्रूस लेव्हिन यांच्याकडे आली एचआयव्हीच्या कामातून.

म्हणजे गरजेची निम्मी विद्या शेजारच्या घरांतून आली. टी पेशींची स्मृती, विषाणूंचे जुनाट संसर्ग, जनुकसंपादन, अगदी पेशींचा चयापचय, यांतलं काहीही पक्कं शिकून आलेला माणूस मला रिसेप्टर जोडण्याच्या कामात तरबेज असलेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. जोडकाम आठ आठवड्यांत शिकवता येतं.

लॅब बघायला गेलात की गाईडशी बोलून झाल्यावर विद्यार्थ्यांना एकटं गाठा आणि दोन गोष्टी विचारा. एक, "शेवटचा मोठा प्रयोग किती डोनरवर केला?" उत्तर एक असेल तर सावध व्हा. दोन, "गाईडना वाईट निकाल दाखवला तर काय होतं?" इथे शब्दांपेक्षा चेहरा वाचा. जमलं तर फ्रीझरची यादीही बघायला मागा. जिथे द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत काय कुठे आहे हे फक्त एका माणसाच्या डोक्यात असतं, तिथे तुमची पहिली दोन वर्षं उत्खननात जातात.

हात बसवायचे दिवस

पहिलं वर्ष मी काहीही नवीन करू देत नाही. रक्तातून पेशी वेगळ्या करणं, मण्यांनी चेतवणं, एचईके २९३टी नावाच्या पेशींत कारचं जनुक वाहून नेणारा लेंटिव्हायरस बनवणं, तो टी पेशींना देणं, दहा-बारा दिवस वाढवणं, फ्लो सायटोमेट्री (रंगीत अँटिबॉडी लावून एकेक पेशी यंत्रातून मोजणं), गोठवणं. पुन्हा पहिल्यापासून. पेशी चेतल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोठ्या होतात, घोस करून बसतात आणि माध्यमाचा गुलाबी रंग पिवळसर होऊ लागतो. भांडं उजेडाकडे धरून "आज वाटणी करायला हवी" हे मोजण्याआधी कळायला लागलं की हात बसला म्हणायचं.

फ्लो सायटोमेट्रीवर मात्र जरा थांबते, कारण इथेच मी सगळ्यात मोठी फजिती करून घेतली. पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. एरवी मला ३० ते ४० टक्के पेशींवर कार दिसायचा. त्या दिवशी ९७ टक्के. मी छापील कागद घेऊन जवळजवळ पळतच गाईडकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "व्हायरस न दिलेल्या पेशींचं चित्र कुठंय?" ते नव्हतं. पेशी कमी होत्या म्हणून तो कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, मी रंगवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी रंगवला. व्हायरसचा थेंबही न लागलेल्या पेशी ९६ टक्के "कार-पॉझिटिव्ह" निघाल्या.

झालं होतं असं. कार शोधायला मी प्रोटीन-एल वापरत होते. ते अँटिबॉडीच्या कप्पा साखळीला चिकटतं, आणि कारच्या बाहेरच्या तुकड्यात ती साखळी असते. पण टी पेशी ओळखायला मी सीडी३ विरुद्धची जी अँटिबॉडी घातली तीही कप्पा साखळीचीच. मी ती आधी घातली, मग प्रोटीन-एल. ते इमानेइतबारे प्रत्येक टी पेशीवरच्या माझ्याच अँटिबॉडीला जाऊन चिकटलं. उपाय सोपा: प्रोटीन-एल सगळ्यात आधी, मग दोन-तीनदा नीट धुणं, मग बाकीच्या अँटिबॉडी. पण उपाय सोपा असल्याने समाधान होत नाही. तो कंट्रोल असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून माझा नियम असा: पेशी कमी पडल्या तर प्रयोगाचा एखादा गट कमी करा, व्हायरस न दिलेल्या पेशी कधीच गाळू नका. त्या त्याच डोनरच्या, त्याच दिवशी चेतवलेल्या, तितकेच दिवस वाढवलेल्या हव्यात. आणि मेलेल्या पेशी वेगळ्या काढणारा रंग घातल्याशिवाय कुठलंही चित्र मला दाखवू नका, कारण मेलेली पेशी भेटेल त्या अँटिबॉडीला चिकटते.

मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींच्या भांड्यात गुपचूप वाढणारे जिवाणू, यांची तपासणी महिन्यातून एकदा. यावर चर्चा नाही.

मारण्याच्या प्रयोगाने हुरळून जाऊ नका

एका कर्करोगपेशीला दहा टी पेशी दिल्या आणि रात्रभर ठेवलं, तर सुमार कारही सगळं साफ करतो. त्या आलेखावर लोक लेख लिहितात. तुम्ही प्रमाण उलटं करा. चार किंवा आठ कर्करोगपेशींना एक टी पेशी द्या, दोन-तीन दिवसांनी त्याच टी पेशींपुढे नव्या कर्करोगपेशी टाका, मग पुन्हा. पहिल्या फेरीत सगळे कार सारखेच दिसतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीत फरक उघडा पडतो. कुणाची संख्या वाढत राहते, कुणी माना टाकतो.

दोन कारची तुलना करताना आणखी एक खोड सांभाळा. एका भांड्यात ६० टक्के पेशींवर कार आहे आणि दुसऱ्यात २५ टक्के, तर तुम्ही रिसेप्टरची तुलना करत नाही आहात, व्हायरस किती चांगला बनला याची करत आहात. जास्तीच्या भांड्यात त्याच डोनरच्या साध्या पेशी मिसळून टक्केवारी सारखी करा. शिवाय लक्ष्य काढून टाकलेली कर्करोगपेशी हवीच. सीडी१९ या बी पेशींवरच्या प्रथिनावर काम असेल तर सीडी१९ नसलेली नाल्म-६ ही ल्युकेमियाची पेशी. डोनरच्या टी पेशी परक्या पेशींना आपल्या मूळ रिसेप्टरनेही मारतात, आणि ते श्रेय कारला जाता कामा नये.

डोनर किमान तीन, आणि सरासरी काढून एकच रेघ मारू नका. प्रत्येकाची वेगळी रेघ काढा. तिघांपैकी एकात उलटा निकाल आला तर बहुतेक वेळा तोच सांगण्यासारखा असतो. निरोगी डोनरवर सगळं जमलं की नैतिक समितीची परवानगी घेऊन रुग्णांच्या उरलेल्या पेशी मिळतात का बघा. केमोथेरपीच्या अनेक फेऱ्यांतून आलेल्या टी पेशी वाढायला कुरकुर करतात. औषध मात्र त्यांच्यापासूनच बनवायचं असतं.

उंदीर काय सांगू शकत नाही

आपण वापरतो त्या एनएसजी उंदरांना स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, म्हणून तर मानवी पेशी त्यांच्यात तगतात. पण म्हणूनच रुग्णाला येतं तसं तापाचं वादळ तिथे नीट उठत नाही. आणि तुमचा कार मानवी प्रथिनच ओळखत असेल, तर उंदराच्या फुप्फुसावर, हृदयावर त्याला पकडायला काहीच नसतं. उंदीर तुरुतुरु पळतोय, याचा अर्थ लक्ष्य सुरक्षित आहे असा होत नाही.

दोन प्रकरणं प्रत्येक विद्यार्थ्याने मूळ लेखातून वाचावीत. एक २०१० चं. मोठ्या आतड्याचा कर्करोग फुप्फुस आणि यकृतात पसरलेल्या एका रुग्णाला एचईआर२ या प्रथिनावरच्या कारच्या सुमारे १० अब्ज पेशी दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांत मृत्यू. फुप्फुसाच्या पेशींवर तेच प्रथिन अगदी थोडं होतं, आणि कारला तेवढं पुरलं, असं संशोधकांनी अनुमान काढलं. दुसरं २०१३ चं. मॅगे-ए३ या कर्करोगपेशींतल्या प्रथिनासाठी टी पेशीच्या नैसर्गिक रिसेप्टरची पकड मुद्दाम घट्ट केली होती. दोन रुग्ण हृदय बंद पडून गेले. तो रिसेप्टर हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन नावाच्या प्रथिनाचा तुकडाही ओळखत होता. आधीच्या चाचण्यांत वापरलेल्या हृदयपेशींत टायटिन बनतच नव्हतं, म्हणून सगळं निर्धोक दिसलं. मूलपेशींपासून बनवलेल्या, भांड्यात धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्या तेव्हा ते उघड झालं.

दुसऱ्या प्रकरणातून उचलायची सवय ही: "धोका दिसला नाही" असं लिहिण्याआधी, धोका असता तर या चाचणीत दिसला असता का, हे वहीत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर चाचणी बदला.

प्रश्न कसा निवडायचा

नवा रिसेप्टर कुठला बनवू, असं विचारत बसू नका. कुठे फसलं, ते विचारा. रुग्णांत जे फसलं ते सगळ्यात उत्तम.

२०१८ मध्ये दोन लेख आले, ते मी शेजारी शेजारी ठेवून शिकवते. एका ल्युकेमियाच्या रुग्णाच्या पेशी तयार करताना त्यांत चुकून एक, अक्षरशः एकच, कर्करोगाची बी पेशी राहिली आणि व्हायरस तिच्यात शिरला. तिच्यावर कार आला, त्याने तिचं स्वतःचं सीडी१९ झाकून टाकलं, आणि ती कार-टी पेशींना दिसेनाशी झाली. नऊ महिन्यांनी रोग उलटला तो त्या एका पेशीच्या वंशातून. दुसऱ्या लेखात उलट नशीब. एका रुग्णात व्हायरस टीईटी२ या जनुकाच्या मधोमध जाऊन बसला. त्या जनुकाची दुसरी प्रतही आधीच अधू होती. ती एक टी पेशी इतकी वाढली की ऐन भरात त्याच्या कार-टी पेशींपैकी ९४ टक्के तिचेच वंशज होते, आणि त्याचा रोग गेला. दोन्हीकडे रिसेप्टर सीडी१९ वरचाच. फरक पडला तो कुठल्या पेशीत काय शिरलं याने. एकेका रुग्णाकडे कुणीतरी बारकाईने पाहिलं म्हणून हे प्रश्न जन्मले.

माझा स्वतःचा प्रश्न मी वर्षभर कचऱ्यात टाकत होते. जीडी२ या कर्करोगपेशींवरच्या रेणूवरचा एक कार होता. त्याच्या पेशी दहाव्या दिवशीच मलूल व्हायच्या. कर्करोगपेशी अजून समोरही आली नाही, आणि पेशी दमल्याच्या खुणा, पीडी-१, टिम-३, लॅग-३, तिन्ही वर. मी वहीत "कल्चर बिघडलं" असं लिहायचे आणि नव्याने सुरुवात करायचे. सात वेळा. साध्या पेशी त्याच इनक्युबेटरमध्ये ठणठणीत असायच्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग २०१५ मध्ये क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाचा लेख वाचला. काही कार लक्ष्य नसतानाही आपसात गोळा होऊन पेशीला सतत थोडाथोडा इशारा देत राहतात आणि ती लढण्याआधीच दमते, हे त्यात नीट दाखवलं होतं. माझ्या सात वह्यांत तेच होतं. पुढची सहा वर्षं मी त्या दमण्यावर काम केलं. पहिलेपणा गेला तो गेलाच.

आता माझ्या विद्यार्थ्यांना "बिघडलं" हा शब्द वहीत लिहायला बंदी आहे. काय दिसलं ते लिहायचं.

वॉर्डात एक दिवस

परवानगी मिळवून एकदा तरी कार-टी दिलेल्या रुग्णांच्या वॉर्डात जा. नर्स दिवसातून काही वेळा रुग्णाला एक वाक्य लिहायला सांगते आणि शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटं मोजायला लावते. मी पाहिलेल्या एका कागदावर सकाळचं वाक्य सरळ होतं, संध्याकाळचं ओळ सोडून खाली घसरलेलं, शेवटची अक्षरं एकमेकांवर चढलेली. मेंदूवरचा परिणाम सुरू झाल्याची ती पहिली खूण. लॅबमध्ये मी ज्याला "सायटोकाइन वाढले" (सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ती निरोपाची प्रथिनं) म्हणून टाळ्या देत होते, त्याची दुसरी बाजू तो कागद.

सायटोकाइनच्या या वादळावरचा उपायही वॉर्डातच सापडला. २०१२ मध्ये सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड कार-टी दिल्यानंतर फिलाडेल्फियात अत्यवस्थ होती. रक्ताची तातडीने तपासणी झाली, आयएल-६ हे सायटोकाइन प्रचंड वाढलेलं दिसलं. ते अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध कार्ल जून यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीला तो आजार होता. औषध दिलं आणि मुलगी सावरली. डॉक्टरांशी बोलत राहा, एवढंच यावर सांगते.

औषध बनवणाऱ्या स्वच्छ खोलीतही दोन आठवडे काढा. तिथली माणसं फारशी लेख लिहीत नाहीत, पण तुमचा सुंदर बारा टप्प्यांचा प्रोटोकॉल त्यांच्यापुढे ठेवलात तर कुठले सात टप्पे तिथे अशक्य आहेत ते चहा गार व्हायच्या आत सांगतील.

नोकरी, नावं, कागद

पीएचडीनंतर पोस्टडॉक, मग स्वतःची लॅब, कंपनी, उत्पादन किंवा नियामक संस्था, या सगळ्या वाटा खऱ्या आहेत आणि माझे चांगले विद्यार्थी चारही ठिकाणी आहेत. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग कुठेही लागतं. लेखावर कुणाचं नाव कुठे येणार ते पहिला प्रयोग करण्याआधी मेलवर लिहून घ्या. एका सहकाऱ्याला मी विश्वासावर प्लाझ्मिड (कारचं जनुक असलेलं डीएनएचं कडं) दिलं आणि नंतर ते त्याच्या पोस्टरवर बघितलं. पेटंटचा विचार असेल तर संस्थेच्या त्या विभागाशी आधी बोला, परिषदेत नंतर.

आणि नोंदी. जनुकात कायमचा बदल केलेल्या पेशी ज्यांना दिल्या त्या रुग्णांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवायचं असतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने कार-टी नंतर क्वचित होणाऱ्या टी पेशींच्याच कर्करोगाबद्दल ठळक इशारा छापायला सांगितलं, तेव्हा जगभर जुनी कपाटं उघडली गेली असतील. माझंही उघडलं. आमच्या एका जुन्या व्हेक्टरची, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या व्हायरसची, माहिती हवी, अशी मेल आली. अकरा वर्षांपूर्वीची वही काढली, पान सापडलं, अक्षर माझंच. तारीख होती, डोनरचा क्रमांक होता, प्लाझ्मिडचा नकाशा चिकटवलेला होता. व्हायरसच्या लॉटचा क्रमांक मात्र लिहिलेला नव्हता.